दोन लहान मुलं असताना पीएचडी झेपेल का?

मुलगी दीड वर्षाची, मुलगा पाच वर्षांचा आणि गाईड म्हणतायत यंदाच ॲडमिशन घे, असं तुम्ही लिहिलंय. घ्या. फक्त आधी यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०२२ चे पीएचडीचे नियम वाचून घ्या, कारण त्यात बायकांसाठी खरंच सोय आहे. एरवी मुदत सहा वर्षं, री-रजिस्ट्रेशन करून अजून दोन, आणि महिलांना त्यावर आणखी दोन, म्हणजे जास्तीत जास्त दहा वर्षं मिळतात. शिवाय बाळंतपण किंवा मुलांच्या संगोपनासाठी पूर्ण पीएचडीत मिळून २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. मला हे ऑफिसात कुणी आपणहून सांगितलं नाही, दुसऱ्या वर्षी एका सिनियर ताईकडून कळलं, तोवर मी उगाच रडतखडत रजा न घेता काढलं, अजून वाईट वाटतं त्याचं. तुम्ही अर्ज लेखीच द्या आणि पोचवर सही-शिक्का घ्या.

रोजचं म्हणाल तर रात्री मुलं झोपल्यावर अभ्यास करू हे डोक्यातून काढा, त्यांना थोपटता थोपटता आपणच झोपतो. मी पहाटे चारला उठायचे, ओट्यावर लॅपटॉप, शेजारी भिजवलेली कणीक, साडेसहाला डबे. त्या अडीच तासांत फक्त लिहायचं, वाचायचं नाही, पेपर वाचणं मुलगी पाळणाघरात असताना. आणि कोर्सवर्कच्या, म्हणजे सुरुवातीच्या वर्गांच्या, सेमिस्टरला सासूबाई किंवा आई, कोणी येऊ शकत असेल तर तेव्हाच बोलवा, कारण हजेरी लागते, पुढे तेवढं अडत नाही.

नवऱ्याशी मात्र ॲडमिशनच्या आधीच बोला, आजारी मुलाला दवाखान्यात कोण नेणार इथपर्यंत.