योहानेस केपलर खरंच श्रद्धाळू होता, की चर्चच्या भीतीने तसं लिहायचा?

मनापासून श्रद्धाळू होता. भिऊन लिहिणारा माणूस आपला जीव सुटेल असं वागतो. केपलर प्रत्येक वेळी बरोबर उलट वागला.

मी दहावीला विज्ञान शिकवते. गुरुत्वाकर्षणाच्या धड्यात या जर्मन खगोलशास्त्रज्ञाचे, केपलरचे, ग्रहांच्या गतीचे तीन नियम येतात आणि दरवर्षी कुणीतरी मूल हाच प्रश्न विचारतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

त्याला व्हायचं होतं धर्मोपदेशक. जर्मनीतल्या ट्यूबिंगन विद्यापीठात तो धर्मशास्त्रच शिकत होता. ते पुरं व्हायच्या आत, १५९४ साली, त्याला ऑस्ट्रियातल्या ग्राझला गणित शिकवायला पाठवलं. वर्षभरातच त्याने आपल्या गुरूंना, मेस्टलिनना, कळवलं की धर्मोपदेशक होता आलं नाही म्हणून मी फार अस्वस्थ होतो, पण आता बघा, खगोलशास्त्रातूनही देवाचं गुणगान होतंय. हे खासगी पत्र होतं. चर्चला दाखवायला लिहिलेलं नव्हतं.

आता भीतीचं बघा. ग्राझचा शासक, आर्चड्यूक फर्डिनांड, कट्टर कॅथलिक. १६०० साली फर्मान निघालं: कॅथलिक व्हा, नाहीतर शहर सोडा. केपलर ल्यूथरन, म्हणजे मार्टिन ल्यूथरच्या प्रोटेस्टंट पंथाचा. घरदार, बायकोची तिथली मालमत्ता, सगळं एका होकारावर वाचलं असतं. त्याने शहर सोडलं आणि प्रागला टायको ब्राहे या खगोलनिरीक्षकाकडे गेला.

मला जास्त लागतं ते पुढचं, कारण तिथे दुखावणारी माणसं त्याच्याच पंथाची होती. १६१२ साली तो लिंझला आला. तिथल्या ल्यूथरन पाळकाने त्याच्याकडे पंथाच्या मतपत्रावर बिनशर्त सही मागितली. त्यातला एक मुद्दा, ख्रिस्ताचं शरीर सर्वत्र उपस्थित आहे हा, केपलरला पटत नव्हता. त्या बाबतीत त्याला कॅल्विनपंथीयांचं, म्हणजे दुसऱ्या एका प्रोटेस्टंट पंथाचं, म्हणणं बरोबर वाटायचं, आणि ते तो लपवत नव्हता. पाळकाने त्याला प्रभुभोजन नाकारलं. श्रद्धावान ख्रिस्ती माणसासाठी ही साधी गोष्ट नाही. सगळी मंडळी भाकरी आणि द्राक्षारस घेत असताना आपण बाजूला राहायचं. त्याने वरिष्ठांकडे दाद मागितली, त्यांनी पाळकाचीच बाजू घेतली. १६१९ साली ट्यूबिंगनच्या धर्मशास्त्रज्ञांकडूनही कायमचा नकार आला. एक सही केली असती तर संपलं असतं. त्याने केली नाही, आणि चिडून पंथही सोडला नाही.

ही श्रद्धा त्याच्या विज्ञानातही खोलवर होती. त्याला विश्वाचा गोल म्हणजे त्रैक्याची, म्हणजे ख्रिस्ती धर्मातल्या तीन रूपांतल्या एकाच देवाची, प्रतिमा वाटायची: केंद्रातला सूर्य म्हणजे पिता, बाहेरचा ताऱ्यांचा पृष्ठभाग म्हणजे पुत्र, मधली जागा म्हणजे पवित्र आत्मा. आज आपल्याला हे विचित्र वाटेल. पण म्हणूनच त्याला वाटत होतं की सूर्य नुसता मधोमध बसलेला नाही, ग्रहांना हलवणारी शक्ती त्याच्यातूनच निघत असणार. ग्रहांच्या गतीमागे भौतिक कारण शोधायची सवय खगोलशास्त्राला लागली, त्यात या कल्पनेचा मोठा वाटा आहे.

(‘देवाचे विचार मी त्याच्यामागून विचारतोय’ हे वाक्य त्याच्या नावावर सगळीकडे फिरतं. या शब्दांत ते त्याच्या लेखनात सापडत नाही. मात्र देवाने आपल्याला स्वतःच्या प्रतिमेत घडवलं ते त्याच्या विचारांत सहभागी होता यावं म्हणून, असं त्याने १५९९ च्या एका पत्रात लिहिलंय.)

मुलांना मी सांगते ती गोष्ट मंगळाची. वर्तुळाकार कक्षा धरून केपलरने मंगळाचं गणित मांडलं. निदान सत्तर वेळा ते करून पाहिलं, असं तो स्वतःच सांगतो. शेवटी टायकोच्या निरीक्षणांपेक्षा फरक उरला ८ कलांचा (एक कला म्हणजे एका अंशाचा साठावा भाग). पौर्णिमेचा चंद्र साधारण ३० कला रुंद दिसतो, म्हणजे त्याचा जेमतेम पाव भाग. प्राचीन खगोलशास्त्रज्ञ टॉलेमीच्या हिशेबात १० कलांपर्यंतची चूक चालून जायची, त्यामुळे एवढ्याशा फरकाबद्दल केपलरला कुणी विचारलंही नसतं. पण ‘अ‍ॅस्ट्रोनोमिया नोव्हा’ या १६०९ च्या ग्रंथात तो म्हणतो की टायकोसारखा काटेकोर निरीक्षक ही देवाची कृपा आहे, ती कृतज्ञतेने स्वीकारायची तर या ८ कलांकडे डोळेझाक करता येणार नाही. सत्तर वेळा केलेलं गणित त्याने बाजूला ठेवलं आणि मंगळाची कक्षा पुन्हा पहिल्यापासून मांडायला घेतली. लंबवर्तुळ त्यातूनच निघालं.