नॉर्मलाइज्ड प्लेट म्हणजे सुटका नव्हे

प्रश्न : प्रोपेनच्या टाकीला २५ मिमी जाडीची एसए-५१६ ग्रेड ७० (प्रेशर व्हेसलसाठीचं कार्बन स्टील) प्लेट घेतोय. किमान तापमान उणे ४२ अंश सेल्सिअस. प्लेट नॉर्मलाइज्ड (तापवून हवेत थंड केलेली) आहे, मग इम्पॅक्ट टेस्ट (थंडीत आघात सोसते का ही चाचणी) कशाला?

उत्तर : नॉर्मलाइज केल्यावर प्लेट एएसएमई या अमेरिकन कोडच्या ‘बी’ वक्रावरून ‘डी’वर जाते, हे खरं. (कुठल्या जाडीला किती थंडीपर्यंत इम्पॅक्ट टेस्टशिवाय चालतं, ते हे वक्र सांगतात.) पण २५ मिमीला ‘डी’सुद्धा साधारण उणे ३४ लाच थांबतो. प्रत्यक्ष ताण कमी असेल तर थोडी सवलत मिळते, तो हिशेब आधी करा. नाही बसला, तर उणे ४२ लाच शार्पी टेस्ट (खाच पाडलेल्या नमुन्यावर हातोड्याचा आघात देणारी इम्पॅक्ट टेस्ट) घ्या, वेल्ड आणि त्यालगतच्या तापलेल्या पट्ट्यासकट! आमच्याकडे एकदा प्लेट पास झाली, वेल्डचा नमुना मात्र खडीसाखरेसारखा चकाकत, ठिसूळ तुटला. वेल्डरने वेल्डचे जाड थर (पास) भरून उष्णता जास्त दिली होती.