खुन्याला मरेपर्यंत तुरुंगात ठेवणं न्याय्य आहे का?

सरसकट नाही, मोजक्या खटल्यांत हो.

आधी '१४ वर्षांत सुटतो' हा समज बाजूला ठेवा. जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच गांधीहत्येच्या खटल्यातल्या गोपाळ गोडसेच्या अर्जावर सांगितलं. १४ वर्षं ही खुनाच्या जन्मठेपेत सरकारने सूट देण्याआधीची किमान मुदत. त्यानंतर सुटका होईलच असं नाही. (गोडसे मात्र १९६४ ला सुटला, सरकारने सूट दिली म्हणून.)

सूट मिळूच नये अशी जन्मठेप २००८ च्या श्रद्धानंद खटल्यात आली. श्रद्धानंदने बायकोला घराच्याच आवारात जिवंत पुरलं होतं. न्यायालयाला फाशी जास्त वाटत होती, १४ वर्षं फारच कमी. हा मधला मार्ग २०१५ मध्ये घटनापीठाने ३ विरुद्ध २ मतांनी कायम केला. मला तो पटतो: पुढे निकाल चुकीचा ठरला तर माणूस निदान जिवंत असतो.

पण रागाच्या भरात एकदाच हात उचललेल्या, आता सत्तरी ओलांडलेल्या कैद्याला आत ठेवून कुणाचं रक्षण होतं? त्याच्यासाठी फेरविचाराची दारं हवीत. राष्ट्रपती आणि राज्यपालांचा माफीचा अधिकार तर अशा शिक्षेतही शाबूत आहेच.