रत्नागिरी आणि मोंबासाची मुलं इंटरनेटवरून एकत्र गाऊ शकतील का?

तुम्ही विचारलंय की रत्नागिरीतला तरुणांचा गट आणि केनियातल्या मोंबासा बंदरातला गट व्हिडिओ कॉलने लाइव्ह जोडला, तर दोन्हीकडची मुलं एका तालात गातील-नाचतील का, आणि त्यासाठी जास्त स्पीडची लाइन घ्यावी का.

ताल जुळणार नाही. लाइनवर पैसे घातले तरी नाही. मी सांगलीत नाटकांना आणि मैफलींना साउंड करतो. बंदराशी माझा संबंध मिरकरवाड्याच्या मासळीपुरता, पण तुमची अडचण समुद्राची नसून आवाजाची आहे.

हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. तबलजी गायकापासून १० मीटर लांब बसला, तर ठेका जवळपास ३० मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि तेवढ्यातच लय ओढल्यासारखी वाटायला लागते. तुमच्यात नि मोंबासात ४,००० किलोमीटरांहून जास्त अंतर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे नुसत्या अंतरातच २० मिलिसेकंदांहून जास्त गेले. त्यात केबल सरळ रेषेत जात नाही, कॉलचा सर्व्हर भलत्याच देशात असू शकतो, आणि आवाज-चित्र इकडे दाबून पाठवायचं, तिकडे उलगडायचं. एका बाजूचे दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज होतात. तुम्ही तिकडचा ठेका ऐकून टाळी देणार, ती तिकडे उशिरा पोचणार, म्हणून ते थांबणार, मग तुम्ही आणखी थांबणार. द्रुत सुरू केलेलं चार आवर्तनांत विलंबित होतं. जॅकट्रिप, जॅम्युलस ही खास वादकांसाठीची सॉफ्टवेअर आहेत. सांगली-पुणे एवढ्या अंतराला ती कामाची, समुद्रापलीकडे नाहीत.

मग उशीर धरूनच कार्यक्रम बांधा. आणि इथे तुम्ही नशीबवान आहात, कारण तुमच्याकडे जाखडी आहे, शक्तीवाले आणि तुरेवाले अशा दोन पक्षांत गाण्यातून सवाल-जवाब रंगणारा कोकणातला नाच. शक्तीवाल्यांनी सवाल टाकायचा, तुरेवाल्यांनी उत्तर द्यायचं. मध्ये अर्धा सेकंद गेला तर प्रेक्षकाला वाटेल, शाहीर अडला बहुतेक! रंगत वाढेलच. तिकडेही ही हौस जुनी आहे. १९व्या शतकात मोंबासाचा कवी मुयाका लामू बेटाच्या कवींशी कवितेतूनच भांडायचा. मोंबासाच्या ताराब गाण्यात तर पेटी-तबला आहे, आणि जुमा भालो हा तिथला गाजलेला गायक हिंदी सिनेमाच्या चालींवर स्वाहिली गाणी गायचा. मुलांना यातून काय सुचेल ते सुचू द्या, मोठ्यांनी चाली ठरवून देऊ नका.

नाच करायचाच असेल तर ठेका एकाच बाजूने जाऊ दे, दुसऱ्या बाजूने त्यावर नाचावं. त्यांच्या हॉलमध्ये सगळं तालात दिसेल. ठेका धरणाऱ्यांना मात्र ते नाचताना उशिरा दिसतील, म्हणून ढोलकीवाल्याची पाठ पडद्याकडे ठेवा आणि नाचणाऱ्यांचा आवाज त्याच्या मॉनिटरमध्ये, म्हणजे त्याला ऐकायला ठेवलेल्या स्पीकरमध्ये, सोडूच नका.

एक सेटिंग आधी बघा. लॉकडाउनमध्ये मिरजेतल्या एका गुरुजींचा ऑनलाइन क्लास मी लावून दिला होता. तानपुरा अस्सल मिरजेचा, जुळवलेलाही सुरेख, पण शिष्याला तो ऐकूच जाईना. गुरुजींनी सूर लावला की तानपुरा गायब, आणि ते थांबले की दोन तारा छेडल्यासारखं काहीतरी येऊन पुन्हा गडप. कॉलचं सॉफ्टवेअर एकसुरी चालणाऱ्या आवाजाला पंख्याची घरघर समजून कापून टाकतं. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ चालू करा. मग इको मात्र तुम्हालाच सांभाळावा लागतो. मिक्सरवरून पलीकडे पाठवायच्या लाइनमध्ये पलीकडून आलेला आवाज अजिबात मिसळायचा नाही. हे जमलं की अर्धा कार्यक्रम जमला.

पडदा माणसाच्या उंचीचा हवा आणि कॅमेरा त्याला चिकटून, डोळ्यांच्या रेषेत. १९८० साली किट गॅलोवे आणि शेरी रॅबिनोविट्झ या कलाकारांनी न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर असे दोन पडदे उपग्रहाने जोडले होते, तीन संध्याकाळी, आधी काहीही न सांगता. समोर पूर्ण उंचीची माणसं बघून लोक आपोआप बोलायला लागले. तेव्हा पहिल्या दिवशी कार्यक्रम ठेवूच नका. पडदा नुसता चालू ठेवा आणि मुलांना एकमेकांची टिंगल करू द्या. (पाहुण्यांचे सत्कार आणि नारळ कॅमेऱ्याबाहेर उरका.)

नेटचं म्हणाल तर डाउनलोडपेक्षा अपलोड बघा, वायफाय सोडून वायर लावा, राउटरला यूपीएस द्या. २००९ मध्ये मोंबासाला समुद्राखालच्या केबल पोचल्या, त्यातली सीकॉम मुंबईलाही येते. त्याआधी तिकडचं नेट उपग्रहावर चालायचं आणि वर जाऊन खाली येण्यातच पाव सेकंद जायचा. त्या मानाने तुमचं बरं आहे.

वेळेचा घोळ मात्र होईल. आपले संध्याकाळचे ६ म्हणजे तिकडचे दुपारचे साडेतीन. त्यात स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात, सकाळचे ७ म्हणजे पहिला तास, त्यामुळे साडेतीनला घरची माणसं साडेनऊ म्हणतील. मेसेजमध्ये दोन्ही शहरांची घड्याळी वेळ लिहा, आणि रंगीत तालीम कार्यक्रमाच्याच वेळेला घ्या. सकाळी मोकळं चाललेलं नेट संध्याकाळी अख्खी गल्ली सिरियल बघायला बसली की रखडतं.