एक चेहरा आणि चौतीस वस्तरे

तुम्ही विचारलंय की एकोणीस वस्तरे जमलेत, दाढी मात्र दोन-तीनांनीच होते, तरी रात्री लिलावाच्या साइटवरून बोट हलत नाही. आत्ताही कासवाच्या पाठीसारख्या ठिपकेदार मुठीचा एक जर्मनीतल्या झोलिंगेनचा वस्तरा डोळ्यांत भरलाय. हा नाद आवरायचा कसा?

माझ्याकडे चौतीस होते. आता सहा आहेत. मधल्या अठ्ठाविसांची गोष्ट सांगतो, त्यातलं कामाचं तेवढं घ्या.

सुरुवात पुण्याच्या जुन्या बाजारात झाली. रविवारी पान्हे, पकडी, मोडक्या कुलुपांच्या ढिगात एक गंजका वस्तरा सापडला. दीडशे रुपये. घरी आणून आठवडाभर घासला तेव्हा पात्याच्या बुडाशी 'झोलिंगेन' अशी अक्षरं वर आली. तिथे गाडी घसरली. कारण पुढचे सहा महिने मी वाचतच बसलो: इंग्लंडमधल्या शेफील्डचे जुने जाड, पाचरीसारखे वस्तरे कुठले, जर्मनीचे दोन्ही बाजूंनी पोकळ घासलेले कुठले, स्वीडनमधल्या एस्किलस्टुनाचं पोलाद कसं. अमेरिकेने १८९० च्या मॅकिन्ली कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, म्हणून पात्यावर 'जर्मनी' असेल तर वस्तरा बहुधा त्यानंतरचा, हेही पाठ झालं. मला वाटायचं मी अभ्यास करतोय. खरं तर मी गिऱ्हाईक म्हणून तयार होत होतो. जितकं कळत गेलं तितकं 'हा एक आपल्याकडे नाही' असं दिसत गेलं.

घरात सबबही तयार होती. पूर्वी विलायतेत सात वस्तऱ्यांच्या पेट्या मिळत, प्रत्येकाच्या पाठीवर एकेका वाराचं नाव कोरलेलं. रोज वापरलेल्या पोलादाला विश्रांती हवी अशी समजूत होती. हे मी बायकोला मोठ्या रंगात येऊन सांगितलं. ती म्हणाली, "मग सात झाले की थांबणार ना?" तेव्हा माझ्याकडे बारा होते.

एक हिशोब करून बघा, मी फार उशिरा केला. मी एक दिवसाआड दाढी करतो, म्हणजे वर्षाला साधारण १८०. भागिले चौतीस. एकेका वस्तऱ्याच्या वाट्याला पाच दाढ्या! आणि नवा वस्तरा हाताला बसायलाच आठ-दहा दाढ्या लागतात. वजन कुठे पडतं, हनुवटीखाली किती आडवा धरायचा, चामोटीवर (धार परजायच्या चामड्याच्या पट्ट्यावर) चाळीस फेरे पुरतात की साठ लागतात, हे प्रत्येकाचं वेगळं. म्हणजे मी चौतीस वस्तऱ्यांचा मालक होतो आणि ओळख एकाशीही नव्हती.

पण नुसत्या हिशोबाने कुणाचा नाद सुटत नाही. माझा सुटला तो पावसाने.

त्या वर्षी मे महिन्यात सगळे वस्तरे पुसून, लाकडी खणात ओळीने मांडून मी निर्धास्त झालो. जुलैच्या शेवटी खण उघडला तर आंबट, कापरासारखा वास. मधल्या एका वस्तऱ्याची मूठ, अगदी तुमच्या लिलावातल्यासारखी ठिपकेदार, धुरकट होऊन भेगाळली होती. पातं बाहेर काढलं तर मुठीत राहणारा भाग तेवढाच तांबूस. बाजूचे चार वस्तरेही तसेच. अशा मुठी सेल्युलॉइडच्या, म्हणजे एका जुन्या प्लॅस्टिकच्या. जुनं सेल्युलॉइड कुजायला लागलं की त्यातून नायट्रोजनचे आम्लधर्मी वायू सुटतात, आणि बंद खणात ते शेजाऱ्यांनाही सोडत नाहीत. त्यात आपली हवा, त्यात ते साधं कार्बन पोलाद. एकूण अकरा गंजले, त्यातल्या तिघांचे खड्डे थेट धारेपर्यंत पोचलेले. ते मेले. धारेत खड्डा असला की दगडावर कितीही घासा, पुन्हा पुन्हा तिथेच टवका उडतो.

त्या रात्री एकेक पातं पुसून तेलाचं बोट फिरवताना पहिल्यांदा लक्षात आलं की प्रत्येक खरेदीबरोबर मी पावसाळ्यातली दहा-दहा मिनिटं देऊन बसलो होतो. चौतीस गुणिले दहा, तेही महिन्यातून दोनदा. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण वेळ लागतो, आणि तो माझ्याकडे नव्हता.

मग सुताराकडून सात खणांची उघडी फळी करून घेतली. झाकण नाही, कारण कोंडलेली हवा नको. सातापेक्षा जास्त ठेवायला जागाच नाही. आठवा यायचा तर आधी एक जायला हवा. नियम साधा आहे, पण तो मनात ठेवून चालत नाही, लाकडाचाच लागतो.

दुसरं म्हणजे धार लावायला शिका. तुम्ही लिहिलंय की धार बाहेरून लावून घेता. माझ्या मते गोम तिथेच आहे. जुना वस्तरा घेतला की जो आनंद होतो, त्यातला निम्मा 'हा आता कसा चालेल' या उत्सुकतेचा असतो, आणि तो आहे त्याच वस्तऱ्यातून पुन्हा पुन्हा मिळतो. पाठ आणि धार दोन्ही दगडावर टेकवायची, म्हणजे कोन आपोआप सांभाळला जातो. हजार ग्रिटच्या दगडापासून (आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक) सुरू करून आठ किंवा बारा हजार ग्रिटपर्यंत जायचं. हाताचा दाब कमी करत नेणं हीच सगळी विद्या, आणि ती यायला मला वर्ष गेलं. त्या वर्षात एकही वस्तरा घेतला नाही. (दगड पाच घेतले. बेल्जियमचा पिवळा कोटिक्यूल धरून. त्याबद्दल वेगळा प्रश्न टाका.)

'हा हातचा गेला तर पुन्हा मिळणार नाही' ही भीती मात्र सरळ खोटी आहे. शेफील्ड आणि झोलिंगेनने पिढ्यान् पिढ्या वस्तऱ्यांचे ढीग काढले. मग जिलेटचा सेफ्टी रेझर आला. १९०३ साली त्याचे फक्त ५१ विकले गेले, पण पुढे त्याने वस्तऱ्याला घराघरांतून उठवलं. न झिजलेले वस्तरे कपाटांत पडून राहिले, तेच आता बाहेर येताहेत. शंभर वर्षं थांबलेला वस्तरा पुढच्या महिन्यातही थांबेल.

अपवाद हस्तिदंती मुठीचा. तो परदेशातून अजिबात मागवू नका, कितीही देखणा असला तरी. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपल्याकडे हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीला बंदी आहे.

विकताना मन घट्ट करा. सलूनवाला घेणार नाही. रोगांच्या धास्तीने तिथे कधीच अर्ध्या ब्लेडचा वस्तरा आलाय. घेणारा आपल्यासारखाच एखादा वेडा असतो आणि तो घासाघीस करतो. माझे वस्तरे मला पडले त्याच्या निम्म्या किमतीत गेले. धार लावून दिली तर थोडं बरं जमतं. चार मी ओळखीच्या नवशिक्यांना तसेच दिले, त्यांची बायका-मुलं माझ्या नावाने काय म्हणत असतील ते असो.

आता तुमच्याबद्दल. आज रात्री साइट उघडायच्या आधी एकोणीसच्या एकोणीस बाहेर काढा. अर्धपारदर्शक किंवा ठिपकेदार मुठीचे जेवढे असतील ते बाकीच्यांपासून वेगळे, उघड्यावर ठेवा. वास घ्या. पाती उघडून मुठीत बसणारा भाग टॉर्चखाली बघा, कोरड्या फडक्याने पुसा, तेल लावा. घड्याळ लावून करा आणि किती वेळ गेला तो लिहून ठेवा.

मग त्या लिलावाचे फोटो मोठे करून बघा. पात्याचा मुठीत शिरतो तेवढ्याच भागावर गंज असेल आणि बाहेर राहणारा भाग चकचकीत असेल, तर ती मूठ बहुधा कुजायला लागलीय. बोली लावू नका. तो तुमच्या बाकीच्या एकोणिसांनाही खाईल.