दिवसभर करतेस तरी काय?

(या वेळी पत्रांच्या गठ्ठ्यात निम्म्याहून जास्त पत्रं प्रबंधवाल्यांची निघाली, काय योग आहे कोण जाणे. म्हणून लग्न, भाडेकरू, केसगळती वगैरे पुढच्या अंकात. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही.)

प्रश्न : ताई, मी लातूरकडची, पुण्यात इतिहासात पीएच.डी. करतेय, पहिलंच वर्ष आहे. विषय पेशवाईतल्या पुण्याच्या पेठांमधला बाजार आणि जकात. चार महिने झाले, रोज पेशवे दफ्तरात (पेशवाईतले जुने सरकारी कागद जिथे ठेवलेत तिथे) जाऊन बसते आणि एवढ्या दिवसांत हातात काय तर चाळीसेक कागदांची टिपणं, त्यातले निम्मे माझ्या कामाचेच नाहीत. रूममेट आयटीत आहे, ती रात्री जेवताना सहज विचारते "आज काय केलंस?" आणि मला सांगताच येत नाही. घरून फोन आला की तेच. पुढच्या महिन्यात गाइडना प्रगती दाखवायचीय. काय दाखवू?

उत्तर : अगं चाळीस म्हणजे बरेच की! मोडी लिपी तू आधी शिकून आली होतीस की तिथेच बसून शिकलीस ते लिहिलं नाहीस, पण तिथेच शिकली असशील तर चार महिन्यांत चाळीस कागद लावलेस, म्हणजे वाचून उलगडलेस, याबद्दल मी तुला चहा पाजीन. त्या दफ्तरातले कागद कोटींत मोजतात. गोविंद सखाराम सरदेसायांनी १९३० ते १९३४ मध्ये त्यातले निवडक कागद छापले त्याचेच ४५ खंड झाले, आणि त्यांच्या हाताशी मदतनीस होते. तुझ्या हाताशी कोण आहे, पेन्सिल.

मी स्वतः यातून गेलेय म्हणून सांगते. सकाळी मागणीचिठ्ठी भरायची, मग रुमाल येईपर्यंत वाट बघायची, रुमाल म्हणजे ते कापडात बांधलेलं गाठोडं, त्याची गाठ सोडायची, आणि पहिल्या कागदाची घडी उघडली की वहीवर बारीक वाळू सांडते. शाई वाळावी म्हणून अडीचशे वर्षांपूर्वी कुणा कारकुनाने टाकलेली वाळू गं ती! पहिल्यांदा मला इतकं भारी वाटलं होतं, दहाव्यांदा फक्त शिंक आली. मग ते अक्षर, शब्दाशब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, आधी आडवी रेघ मारून तिला सगळं लटकवलेलं, त्यात एकेका कारकुनाचं वळण वेगळं. एका वळणाला डोळा सरावतो तोवर रुमाल संपतो आणि दुसऱ्यात दुसराच माणूस. यात दिवस गेला तर तो कामातच गेला, फक्त रूममेटला स्क्रीनवर दाखवता येत नाही एवढंच.

आणि घाई केली की काय होतं तेही ऐक. तारखा तुला माहीतच असतील, सुहूर सन म्हणजे त्या कागदांवरची वर्षं मोजायची जुनी पद्धत, आकडे अरबी शब्दांत. "अर्बा सबैन मया व अलफ" म्हणजे चार, सत्तर, शंभर आणि हजार, झाले ११७४. त्याचं इसवी सन करायचं तर मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००, कारण हे वर्ष मृग नक्षत्र लागलं की बदलतं. मी काय केलं, सगळ्यांना सरसकट ६०० मिळवून टाकले, एक्सेलमध्ये, एका फटक्यात, आणि खूश. त्यात ११७४ च्या आषाढातला, म्हणजे मृगानंतरचा, एक कागद होता तो १७७३ ऐवजी १७७४ वर गेला. माझ्या प्रकरणात नारायणराव पेशवे खून झाल्यावर वर्षभराने हुकूम देत होते! खून ३० ऑगस्ट १७७३ चा, शाळेतल्या पोराला माहीत असतं. सरांनी पान पुढे सरकवलं आणि एवढंच म्हणाले, "हे कसं जमवलं त्यांनी?" नंतर सगळ्या तारखा परत लावल्या, अकरा दिवस गेले. तसंच पत्रावर "पौ" दिसलं तर ती पैवस्ती, म्हणजे पत्र पोचल्याची तारीख, लिहिल्याची नाही. इथे अर्धे लोक आपटतात.

आता गाइडना काय दाखवायचं. तू ज्या रोजकीर्दी वाचत असशील ना, रोजचा जमाखर्च, तशीच स्वतःची एक ठेव. साधी दोनशे पानी वही, तारीख, रुमाल नंबर, किती कागद उघडले, किती लागले, कुठला शब्द अडला, कुठला कागद कामाचा नाही आणि का नाही. हे "का नाही" मात्र लिहीच, कारण दीड वर्षाने तूच तो रुमाल परत मागवशील आणि परत तोच कागद वाचशील, मी तीनदा वाचलाय एक. ही वही घेऊन जा मीटिंगला. शहाणा गाइड चाळीस कागदांपेक्षा ती आधी बघेल. आणि निम्मे कागद कामाचे नाहीत म्हणतेस, ते फेकू नकोस, जकातीच्या कागदात कुणाला माफी दिली ते हमखास असतं आणि पुढे त्यावरच एखादं प्रकरण उभं राहतं.

बाकी बारीकसारीक. फोटोंची परवानगी आधी विचार, गृहीत धरू नकोस. शनिवार-रविवार सरकारी दफ्तर बंद, ते दोन दिवस विद्यापीठात जयकर ग्रंथालयात नाहीतर भारत इतिहास संशोधक मंडळात छापील साधनं वाचायला ठेव, पण वेळा विचारून जा. आणि रविवारी रात्री मेस बंद असते तेव्हा उपाशी झोपू नकोस, कॉट बेसिसवर राहणाऱ्या सगळ्या पोरींचं हेच, दुपारच्या फीस्टवर रात्र काढतात आणि सोमवारी रुमालापुढे डोकं धरून बसतात.

प्रश्न : नमस्कार. माझा मराठी विषयातला प्रबंध पूर्ण झालाय, ३१० पानं, डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून घेतला. आता सबमिशनच्या वेळी सांगतात युनिकोडच (कुठल्याही कॉम्प्युटरला कळणारं टायपिंग) पाहिजे. परत टाइप करायचा का? आणि प्लेजरिझम, म्हणजे मजकूर कुठून उचललाय का त्याची तपासणी, मराठीला पण लागतं का?

उत्तर : लागतं भाऊ, लागतं. जुन्या फॉन्टमध्ये स्क्रीनवर "क" दिसतो पण आत कॉम्प्युटरला इंग्रजी अक्षरं नि चिन्हंच कळत असतात, त्यामुळे तपासणीचं सॉफ्टवेअर तुमचा प्रबंध वाचूच शकत नाही, आणि उद्या शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या त्या ऑनलाइन साठ्यावर, चढला तरी कुणी मराठीत शब्द टाकून शोधलं तर सापडणार नाही. कष्ट करून अदृश्य व्हायचं कशाला.

परत टाइप करू नका, कन्व्हर्टर मिळतात. पण अख्खा प्रबंध एकदम टाकू नका, प्रकरण-प्रकरण करा आणि जुनी प्रिंट शेजारी ठेवून वाचा. रफार हमखास भलत्या अक्षरावर जाऊन बसतो, "ऱ्या" तुटतो, अवतरणचिन्हांचं काहीतरी भलतंच होतं आणि तळटीपांचे आकडे तर बघायलाच नको. पंधरा दिवस धरा. डीटीपीवाल्यावर चिडून उपयोग नाही, तुम्ही सांगितलं ते त्याने केलं.

प्लेजरिझमचं म्हणाल तर यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१८ चे नियम आहेत. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर काही नाही, १० च्या वर ४० पर्यंत असेल तर ठरलेल्या मुदतीत सुधारून द्यायचं, ती मुदत जास्तीत जास्त ६ महिने, ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. संदर्भ देऊन घेतलेली अवतरणं आणि संदर्भसूची त्यात धरत नाहीत, म्हणून घाबरून कवितांच्या ओळी स्वतःच्या शब्दांत लिहायला जाऊ नका, एकाने खरंच तसं केलेलं मी वाचलंय, अभंगाचं गद्य करून टाकलं होतं बिचाऱ्याने.

प्रश्न : ताई, मी एका पीएच.डी. करणाऱ्या मुलीची आई. मुलगी २९ वर्षांची, चौथं वर्ष चालू आहे. दिवसभर लायब्ररीत असते, घरी आली की लॅपटॉप. कधी संपणार विचारलं की चिडते, जेवण अर्धं टाकून उठते. नातेवाइकांना काय सांगायचं? एवढी वर्षं लागतात का खरंच?

उत्तर : काकू, लागतात. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला कमीत कमी ३ वर्षं आणि जास्तीत जास्त ६, आणि बायकांना त्यावर आणखी २ वर्षांची सवलत मिळू शकते. म्हणजे चौथ्या वर्षाला असलेली मुलगी अगदी वेळेत आहे. नातेवाइकांना हेच सांगा आणि विषय भाजीवर न्या.

ती चिडते त्याचं कारण मला ठाऊक आहे असं म्हणत नाही, पण माझं सांगते. माझी आई रोज रात्री विचारायची, "झालं का गं?" आणि त्या दिवशी मी आठ तास बसून एक नाव लावलेलं असायचं, ते गावाचं आहे की माणसाचं एवढंच. याला "झालं" म्हणायचं की "नाही झालं"? मग मी खेकसायचे. एकदा आईने कंटाळून विचारलं, "बरं, ते राहू दे, आज कुठला कागद होता?" आणि मी पाऊण तास बोलत होते, पोळी हातात तशीच. तुम्ही पण विचारून बघा. फक्त गॅस बंद करून बसा, भाजी लागते.