गणपतीतल्या त्या पाच रात्री

"माझा मुलगा २४ वर्षांचा. तीन महिने खोलीतून बाहेर येत नाही, कामावर जात नाही. मानसोपचारतज्ज्ञांनी पाऊण तास नुसते प्रश्न विचारले. रक्तातलं थायरॉइड, बी-१२ नॉर्मल आलं. मग डिप्रेशन म्हणाले नि गोळ्या दिल्या. साधा एमआरआयसुद्धा नाही! असं कसं निदान होतं? हाच मुलगा गेल्या गणपतीत पाच रात्री न झोपता मखर करत होता, केवढा उत्साह! डॉक्टरांनी तसं काहीतरी विचारलं होतं, पण घरातलं बाहेर कशाला, म्हणून मी नाही म्हटलं. डॉक्टर बदलू का?"
– एक आई, नाशिक

ताई, डॉक्टर बदलू नका. त्यांना खरं सांगा.

मी त्या मखरापाशीच अडकले आहे. आपण एक रात्र जागलो तरी दुसऱ्या दिवशी डोळे चुरचुरतात, जांभया आवरत नाहीत. हा पाच रात्री जागला आणि तुम्हाला दिसला तो उत्साह! झोप न मिळणं वेगळं, झोपेची गरजच न वाटणं वेगळं. डॉक्टर नेमकं तेच विचारत होते.

डिप्रेशन एमआरआयमध्ये दिसत नाही. थायरॉइड किंवा बी-१२ कमी पडलं तरी माणूस असाच मलूल होतो, म्हणून ते आधी तपासतात. बाकी निदान उभं राहतं ते हकिकतीवर. मूड चढलेला, झोप नकोशी, बोलणं नि खर्च सुसाट, असं पूर्वी सलग चार दिवस जरी झालं असेल, तरी मानसिक आजारांच्या डीएसएम-५ या नियमावलीप्रमाणे बायपोलरचा, म्हणजे मूड कधी फार वर तर कधी फार खाली जाण्याच्या आजाराचा, विचार करावा लागतो. आज अंथरुणात पडलेला मुलगा दोन्ही आजारांत सारखाच दिसतो. औषध मात्र बदलतं. बायपोलर असताना नुसत्या डिप्रेशनच्या गोळ्या दिल्या तर मूड पुन्हा वर उसळू शकतो.

त्याला बायपोलरच आहे असं मी म्हणत नाही, पत्रावरून ते ठरत नसतं. पण तुमचा राग आलाय मला. रक्ताच्या रिपोर्टवरचा आकडा खोडून तुम्ही डॉक्टरांना दाखवला असता का? तुमचं ते 'नाही' तसंच आहे.

पुढच्या तारखेची वाट बघू नका, आजच दवाखान्यात फोन करा. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. आधी मोबाइलमधले मखराचे फोटो शोधा आणि ते किती वाजता काढलेत ते बघा. त्या दिवसांत तो किती तास झोपला, काय काय विकत आणलं, कुणाशी भांडला, सगळं कागदावर लिहा. दवाखाना बंद असेल तर १४४१६ वर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन लावा. ती सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

आणि हे सगळं त्याला शेजारी बसवून करा. त्या रात्री तुला झोप का लागत नव्हती, हे त्याला अजून कुणी विचारलंच नसेल.